ढिगारा कोणी उलटायचा?

पावसाळा सुरू झाला की शनिवार-रविवारी लोणावळ्याच्या रस्त्यांवर पाऊल ठेवायला जागा उरत नाही. मुंबई आणि पुणे या दोन महानगरांच्या मधोमध, द्रुतगती मार्गाच्या कडेला वसलेले हे गाव. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सुमारे ५७ हजार भरली. भुशी धरणाच्या पायऱ्यांवर आणि घाटमाथ्यावर सुटीच्या दिवशी येणारा समुदाय या आकड्यात कोठेच येत नाही. तो समुदाय सोमवारी सकाळी कामावर परततो आणि मागे ठेवून जातो भाजलेल्या कणसांची बुडखे, उरलेला भात, उष्टी भजी, फळांच्या साली आणि हॉटेलांच्या मागच्या दाराशी साठलेले पिंपांमागून पिंप खरकटे. नगरपरिषदेच्या गाड्या ते उचलतात, रस्ते झाडले जातात आणि गाव पुन्हा पाहुण्यांसाठी सज्ज होते. या कामाची दखल देशपातळीवर घेतली गेली आहे. स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाहून कमी लोकसंख्येच्या शहरांत लोणावळ्याने २०२० मध्ये तिसरा, २०२१ मध्ये दुसरा आणि २०२३ मध्ये पुन्हा तिसरा क्रमांक मिळवला. हा मान ज्यांच्या श्रमाने मिळाला त्या सफाई कामगारांचे आम्ही प्रथम अभिनंदन करतो.

परंतु झाडलेला रस्ता ही स्वच्छतेची अर्धीच बाजू होय. उचललेला ओला कचरा जातो कोठे आणि त्याचे होते काय, ही दुसरी बाजू डेपोच्या कुंपणाआड घडत असल्यामुळे सामान्य नागरिकाच्या, आणि खेदाने म्हणावे लागते की आपल्या कार्यकर्त्यांच्याही, नजरेस क्वचितच पडते. लोणावळा, तळेगाव दाभाडे, वडगाव अशी झपाट्याने वाढणारी गावे असलेल्या मावळ तालुक्यात या दुसऱ्या बाजूचा विचार आता टाळता येणार नाही. ओल्या कचऱ्याच्या राशी यंत्राने परतून त्यांचे खत करण्याची पद्धत या प्रश्नाचे एक चांगले उत्तर आहे, असे आमचे मत आहे. मात्र ते उत्तर लोकांच्या हिताचे ठरावयाचे तर यंत्र कोणाच्या मालकीचे, त्याला कोणता कचरा घालायचा आणि तयार झालेले खत कोणाच्या शेतात जायचे, हे प्रश्न यंत्राच्या खरेदीआधी सुटले पाहिजेत. ठेकेदार यंत्राची किंमत सांगतो. हे प्रश्न विचारणे हे आपले काम आहे.

प्रथम राशीचे शास्त्र थोडक्यात पाहू. कचऱ्याचे खत करतात ते सूक्ष्म जीव. त्यांना अन्न, पाणी आणि हवा या तीन गोष्टी प्रमाणात लागतात. अन्नात कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण साधारण २५ ते ३० ला १ असावे लागते. खरकटे नत्राने समृद्ध, तर वाळलेला पाला, भाताचा पेंढा, लाकडाचा भुसा ही कर्बाची साधने. ओलावा ५० ते ६० टक्के असावा. त्याहून कमी झाला तर जीव सुप्त होतात, जास्त झाला तर राशीतील पोकळ्या पाण्याने भरतात आणि हवा कोंडते. हवा कोंडली की हवेवर जगणारे जीव मागे पडतात आणि हवेवाचून जगणारे जोर धरतात. मग खत होण्याऐवजी कुजण सुरू होते, दुर्गंधी सुटते, काळे पाणी पाझरते आणि मिथेन वायू बाहेर पडतो. वातावरण तापवण्याच्या बाबतीत हा वायू कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पटींनी घातक आहे. ज्या राशीला हवा मिळते तिच्या पोटात मात्र तापमान ५५ अंश सेल्सिअसच्या वर चढते आणि त्या उष्णतेत रोगजंतू, माशांच्या अळ्या आणि तणांचे बी मरते.

अडचण एवढीच की रास पोटात तापते, कडेला थंडच राहते. कडेचा माल आत आणि आतला माल कडेला आणल्याखेरीज सगळी रास निर्जंतुक होत नाही. सांडपाण्याच्या गाळापासून केलेल्या खतासाठी अमेरिकेने १९९३ मध्ये केलेल्या नियमांत उघड्या राशींचे तापमान १५ दिवस ५५ अंश वा त्याहून अधिक राखावे आणि त्या अवधीत रास किमान ५ वेळा परतावी, अशी अट घातली गेली, ती याच कारणाने. परतणी म्हणजे राशीला दिलेला श्वास होय. ती केव्हा आणि किती वेळा होते यावर खत होणार की नुसती घाण साचणार, हे ठरते.

हे ज्ञान परदेशातून आयात झालेले नाही, ही गोष्ट आपल्या वाचकांनी ध्यानात ठेवावी. सेंद्रिय शेतीच्या जगात जी ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते, ती १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या वनस्पती उद्योग संस्थेत आकारास आली. तिचे श्रेय अल्बर्ट हॉवर्ड यांना दिले जाते आणि ते योग्यच आहे; परंतु १९३१ मध्ये या पद्धतीवर जो ग्रंथ प्रसिद्ध झाला त्यावर हॉवर्ड यांच्याबरोबर यशवंत वाड यांचेही नाव आहे, हे महाराष्ट्रात फार थोड्यांना ठाऊक असते. शेतातील काडीकचरा, शेण आणि गोठ्यातील मूत्राने भिजलेली माती यांचे थर रचून ठरावीक दिवसांनी ते परतणे, हा त्या पद्धतीचा गाभा. गांधीजींनी १९३५ मध्ये इंदूरच्या या संस्थेला भेट दिली आणि खेड्यांसाठी या पद्धतीचा पुरस्कार केला. पुढे बंगलोरमध्ये आचार्य यांनी शहरी कचऱ्यासाठी खड्ड्यात थर रचून, न परतता खत करण्याची दुसरी पद्धत सांगितली. तिच्यात श्रम कमी, पण वेळ अनेक महिन्यांचा आणि उष्णता पुरेशी नाही. दोन पद्धतींतील फरक एका शब्दात सांगावयाचा तर तो ‘परतणी’ हाच आहे. बारा वर्षांनी उकिरड्याचेही दैव पालटते, असे आपल्याकडे म्हणतात. परतलेल्या राशीचे दैव सहा ते आठ आठवड्यांत पालटते.

मग ही परतणी हातांनी का करू नये? समाजवादी चळवळीतील अनेकांचा पहिला प्रश्न हाच असेल आणि तो उपेक्षणीय नाही. बेकारी माजली असताना माणसाचे काम यंत्राला का द्यावे? याचे उत्तर भावनेने न देता हिशेबाने द्यावे. समजा, एखाद्या गावात दिवसाला १० टन ओला कचरा वेगळा जमतो. एका घनमीटरचे वजन अर्धा टन धरले तर रोज २० घनमीटर माल येतो. तो ३० दिवस राशींत ठेवावयाचा म्हणजे जमिनीवर ६०० घनमीटर माल. तो आटत जातो म्हणून सरासरी ४०० घनमीटर धरू. आठवड्यातून दोनदा परतावयाचा तर ८०० घनमीटर, म्हणजे कामाच्या दर दिवशी सुमारे १३० घनमीटर माल फावड्या-घमेल्याने हलवावा लागेल. एका माणसाने दिवसभरात ४ घनमीटर ओला, जड, वाफाळता कचरा परतला असे उदारपणे मानले तरी तीसहून अधिक माणसे केवळ या एका कामाला लागतील. एवढी माणसे कोणतीही नगरपरिषद किंवा ठेकेदार नेमत नाही. परिणामी कागदावर ‘हाताने परतणी’ राहते आणि प्रत्यक्षात रास जशीच्या तशी पडून असते. ज्या श्रमाच्या नावाने यंत्राला विरोध होतो तो श्रम मुळात कोणाला मिळतच नाही. मिळते ती दुर्गंधी, आणि तीही डेपोशेजारच्या वस्तीला.

परतणीसाठी बनवलेले यंत्र हेच काम तासाला काहीशे घनमीटर या वेगाने करते. ट्रॅक्टरने ओढावयाचे किंवा स्वतःच्या चाकांवर राशीला दोन्ही बाजूंनी कवेत घेऊन चालणारे, असे त्याचे दोन मुख्य प्रकार. दाते बसवलेले एक आडवे पिंप वेगाने फिरते, माल उचलते, गठ्ठे फोडते, हवेत उधळते आणि मागे पुन्हा रास लावते. खड्डे खणणाऱ्या यंत्राच्या बकेटने रास उचलून टाकणे म्हणजे परतणे नव्हे, हेही येथे स्पष्ट केले पाहिजे. बकेटने गठ्ठा तसाच राहतो आणि यंत्राच्या चाकाखाली माल उलट दाबला जातो. अनेक डेपोंवर ‘यांत्रिक परतणी’ या नावाखाली हीच हातचलाखी चालते.

हिशेबाहूनही मोठा प्रश्न माणसाचा आहे. कुजणाऱ्या राशीत फावडे घालणाऱ्याच्या वाट्याला काय येते? फुटक्या काचा, दाढीची पाती, इंजेक्शनच्या सुया. वाफेबरोबर उठणारे बुरशीचे सूक्ष्म कण, ज्यांपैकी ॲस्परजिलससारख्या बुरशीने दुबळ्या फुप्फुसांना गंभीर आजार जडतात. आणि यावर कळस म्हणजे समाजाची नजर. हे काम पिढ्यान्‌पिढ्या कोणत्या जातींच्या माथी मारले गेले हे सांगण्याची आवश्यकता नाही. ज्या श्रमाने माणूस घडतो तो श्रम पवित्र. ज्या श्रमाने माणूस झिजतो आणि वर हिणवलाही जातो, त्याचे गोडवे ज्यांना तो करावा लागत नाही त्यांनी गाऊ नयेत.

या संदर्भात अप्पासाहेब पटवर्धनांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचे काम करू द्यावे म्हणून त्यांनी अन्नत्याग केला आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी गांधीजींनी येरवड्यात उपोषण आरंभले, हा इतिहास आपल्या परिचयाचा आहे. उच्चवर्णीयाने झाडू हातात घेणे हे त्या काळी क्रांतिकारक पाऊल होते. पण अप्पासाहेब तेथे थांबले नाहीत. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी अशा संडासाची रचना केली की मैल्याचे सोनखत व्हावे आणि कोणा माणसाला ती घाण डोक्यावरून वाहावी लागू नये. काम वाटून घेणे ही पहिली पायरी आणि त्या कामातील अमानुषता साधनाच्या रचनेने नाहीशी करणे ही दुसरी. राशी परतणारे यंत्र या दुसऱ्या पायरीवरचे साधन आहे. गांधीजींनीही आपल्या यंत्रविरोधातून शिवणयंत्राला वगळले होते, आणि डॉ. राममनोहर लोहिया यांनी १९५२ च्या पंचमढी अधिवेशनात ज्या लहान यंत्राचा आग्रह धरला, त्याची कसोटी हीच होती की यंत्र गावाच्या आवाक्यात असावे आणि माणसाला निकामी न करता समर्थ करावे. एका तालुक्याच्या गावाला पुरेल असे, ट्रॅक्टरला जोडता येणारे आणि स्थानिक कारागिराला दुरुस्त करता येणारे यंत्र या कसोटीला उतरते.

यंत्र आले म्हणजे धोका संपला, असे मात्र नाही. यंत्र धूळ आणि वाफ उधळते. चालकाला बंद कक्ष आणि आसपासच्या कामगारांना मुखपट्टी, हातमोजे, गमबूट मिळालेच पाहिजेत. परतणीतून मोकळे झालेले हात वर्गीकरण, चाळणी, ओलावा आणि तापमान यांची नोंद, खताची भरणी या कामांकडे वळवले पाहिजेत. यंत्राच्या निमित्ताने एकाही कामगाराला घरी बसवू नये, ही आपली पहिली अट असली पाहिजे.

मावळच्या बाबतीत आणखी एक गोष्ट निर्णायक आहे आणि ती म्हणजे पाऊस. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक सगळा चार महिन्यांत. पर्यटकांची गर्दीही त्याच महिन्यांत, म्हणजे सर्वांत जास्त खरकटे नेमके तेव्हा येते जेव्हा रास कोरडी राखणे सर्वांत कठीण असते. उघड्यावरची रास अशा पावसात दोन दिवसांत चिखल होते आणि तिच्यातून निघणारे काळे पाणी उताराने ओढ्याला मिळते. आणि ओढा मिळतो कोठे? लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या डोंगरात उगम पावणारी इंद्रायणी देहू आणि आळंदीला जाते. वारकरी ज्या नदीत श्रद्धेने स्नान करतात तिच्या डोक्याशी कचरा कुजत ठेवणे हे केवळ पर्यावरणाचे पाप नव्हे, तो खालच्या गावांवरचा अन्याय आहे. म्हणून येथे पक्के छप्पर, सिमेंटची उताराची जमीन आणि काळे पाणी साठवण्याचे टाके या गोष्टी यंत्राइतक्याच आवश्यक आहेत. छपराखाली वारंवार परतलेली रास स्वतःच्या उष्णतेने जादा पाणी वाफेवाटे सोडून देते. पावसाळी प्रदेशात यांत्रिक परतणीचा हा फार मोठा फायदा होय. साठवलेले काळे पाणीही वाया जात नाही, ते ताज्या राशीवर तापण्याच्या टप्प्यात पुन्हा शिंपडता येते. खरकटे फार ओले असते म्हणून कोरडा माल हवा. उन्हाळ्यात बंगल्यांच्या आवारात आणि रस्त्याकडेला जो पाला पेटवून दिला जातो तो पावसाळ्यासाठी साठवून ठेवला, तर धूरही टळेल आणि कर्बही मिळेल.

येथवर आम्ही यंत्राची बाजू मांडली. आता त्याच्या मर्यादा तितक्याच स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत, कारण यंत्रे आणून पस्तावल्याचा अनुभव आपल्या देशाने एकदा घेतला आहे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात केंद्र सरकारच्या योजनेतून मुंबई, दिल्ली, कलकत्ता, बंगलोर, अहमदाबाद अशा मोठ्या शहरांत यांत्रिक कंपोस्ट कारखाने उभारले गेले. त्यांतील बहुतेक काही वर्षांतच बंद पडले. दोष यंत्रशास्त्राचा कमी आणि नियोजनाचा अधिक होता. कचरा मिश्र येत होता, खतात काच आणि प्लास्टिक उतरत होते, शेतकरी ते घेत नव्हता, आणि चालवण्याचा खर्च विक्रीतून भरून निघत नव्हता. यंत्र कचरा परतते, निवडत नाही. घरात आणि हॉटेलात ओला-सुका कचरा वेगळा झाला नाही तर उत्तमातले उत्तम यंत्रसुद्धा प्लास्टिकच्या चिंध्या मिसळलेली माती बाहेर काढील.

वर्गीकरण अशक्य आहे, ही तक्रार आता कोणी करू नये. वेंगुर्ल्याने आणि पाचगणीने आपल्या जुन्या कचराभूमी लोकांनी पाहावयास जावे अशा स्थळांत बदलून दाखवल्या, त्या घरोघरच्या वर्गीकरणाच्या बळावर. दोन्ही गावे लोणावळ्यासारखीच पर्यटनाची. पुण्यात १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि तिच्यातून पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था निघाली. दारोदार जाऊन वेगळा कचरा गोळा करण्याचे काम हातगाडीवाल्या स्त्रिया नगरपालिकेच्या यंत्रणेइतक्याच, किंबहुना अधिक कसोशीने करू शकतात, हे तिने सिद्ध केले. मावळातील गावांनी यंत्र परराज्यातून मागवावे, पण संघटनेचा नमुना शेजारीच आहे.

हॉटेले आणि मोठ्या गृहसंकुलांचा प्रश्न वेगळा आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी दिवसाला १०० किलोहून अधिक कचरा करणाऱ्यांवर आपल्या आवारातच ओला कचरा जिरवण्याची जबाबदारी टाकली. तेव्हापासून ‘चोवीस तासांत खत’ असे आश्वासन देणाऱ्या विजेच्या पेट्यांचा बाजार तेजीत आला. या पेट्यांपैकी पुष्कळशा कचरा तापवून वाळवतात आणि दळतात. बाहेर पडतो तो तपकिरी चुरा खतासारखा दिसतो, परंतु पाणी लागताच तो पुन्हा कुजू लागतो. सूक्ष्म जीवांचे काही आठवड्यांचे काम विजेने एका रात्रीत होत नाही. अशा पेटीतून निघालेला माल पुढे राशीत घालून पक्व करणे भाग आहे, आणि म्हणून हॉटेलमालकाची जबाबदारी पेटीच्या पावतीबरोबर संपत नाही. ज्यांच्या नफ्यातून हा कचरा निर्माण होतो त्यांच्याकडून सार्वजनिक खत केंद्राने वजनानुसार आकार घ्यावा, आणि मिश्र कचरा दिल्यास तो दुप्पट घ्यावा, हे न्यायाचे होईल. भाड्याच्या टपरीवर कणसे भाजणाऱ्या बाईला आणि शंभर खोल्यांच्या हॉटेलला एकच दर लावणे ही समानता नव्हे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने सर्वांत कळीचा मुद्दा ठेक्याच्या अटींचा आहे. कचरा वाहून नेण्याचे पैसे टनामागे मिळत असतील तर कचरा कमी होण्यात, सुका होण्यात किंवा वेगळा होण्यात ठेकेदाराचे हित नसते. पावसात भिजलेला, माती मिसळलेला, जड कचरा हाच त्याचा फायदा. त्याच माणसाच्या हाती परतणीचे यंत्र दिले तर डिझेल वाचवण्यासाठी तो ते उभे ठेवील आणि वजनकाट्यावरून बिल काढील. म्हणून मोबदला आत आलेल्या टनांवर न ठेवता बाहेर गेलेल्या प्रमाणित खतावर ठेवला पाहिजे. खत नियंत्रण आदेशाने शहरी कंपोस्टची मानके ठरवली आहेत: सेंद्रिय कर्ब किमान १२ टक्के, नत्र किमान ०.८ टक्के, कर्ब-नत्र प्रमाण २० च्या आत आणि जड धातूंवर मर्यादा. ही तपासणी दर महिन्याला व्हावी आणि तिचा निकाल नगरपरिषदेच्या फलकावर मराठीत लागावा. यंत्र नगरपरिषदेच्या मालकीचे आणि ते चालवणारी संस्था कामगारांची सहकारी, ही रचना आम्हांला सर्वांत श्रेयस्कर वाटते.

आता शेतकऱ्याकडे वळू, कारण त्याने खत नाकारले तर वरची सारी मांडणी निष्फळ होते. शेतकरी नाकारतो तो अडाणीपणाने नव्हे. एक टन कंपोस्टमध्ये ०.८ टक्के नत्र धरले तर ८ किलो नत्र मिळते. ४५ किलोच्या युरियाच्या गोणीत साधारण २१ किलो नत्र असते आणि अनुदानामुळे ती गोणी त्याला २६६ रुपये ५० पैशांना पडते. म्हणजे टनभर कंपोस्टमधील नत्राची किंमत युरियाच्या भावाने जेमतेम शंभर रुपये. तेवढ्यात टनभर खताची वाहतूकही होत नाही. नत्रासाठी कंपोस्ट विका असे जे सांगतात ते शेतकऱ्याचीही फसवणूक करतात आणि स्वतःचीही. कंपोस्टचे खरे मोल त्याच्यातील सव्वाशे किलोच्या आसपास सेंद्रिय कर्बात आहे. तो जमीन भुसभुशीत ठेवतो, पाणी धरून ठेवतो आणि घातलेला युरियाही वाहून जाऊ देत नाही. हे मोल एका हंगामात दिसत नाही, म्हणून बाजार ते मोजत नाही. आणि जे बाजार मोजत नाही त्याची जबाबदारी समाजाने घ्यावयाची असते. केंद्र सरकारने २०१६ मध्ये शहरी कंपोस्टला टनामागे १५०० रुपयांचे साहाय्य जाहीर केले ते याच तत्त्वावर. पण ते विक्रेत्या कंपन्यांच्या मार्फत. आमचा आग्रह असा की असे साहाय्य वाहतुकीच्या रूपाने थेट शेताच्या बांधापर्यंत पोचावे.

अंतर थोडे असेल तर हे सहज शक्य आहे. आपल्या वरच्या उदाहरणातील १० टन कचऱ्यातून रोज सुमारे २ टन, म्हणजे वर्षाला सातशे-साडेसातशे टन खत निघेल. हेक्टरी ५ टन या मात्रेने ते दीडशे हेक्टरांना पुरेल. मावळातील भाताचे क्षेत्र याच्या कितीतरी पटींनी मोठे आहे. वडगावच्या भात संशोधन केंद्राने दिलेल्या ‘इंद्रायणी’ वाणाने या तालुक्याचे नाव घरोघर पोचवले. त्या खाचरांना बैल होते तोवर शेणखत होते; पॉवर टिलर आला आणि गोठे रिते झाले. ही उणीव भरून काढण्याचे सामर्थ्य शहराच्या खरकट्यात आहे, अट एवढीच की त्याच्यात काच, प्लास्टिक आणि बॅटरीचा चुरा असता कामा नये. तळेगाव परिसरातील फुलशेतीलाही असे खत लागते.

येथे आम्हांला एका जुन्या जखमेचा उल्लेख करावासा वाटतो. ९ ऑगस्ट २०११ रोजी पवना धरणाचे पाणी बंद नळाने पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध मावळचे शेतकरी द्रुतगती मार्गावर उतरले आणि पोलिसांच्या गोळीबारात तिघांचे प्राण गेले. शहराने खेड्याकडून पाणी घ्यावे, जमीन घ्यावी, दूध, भाजी आणि मजूर घ्यावेत. परत काय द्यावे? पुण्याने उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांना वर्षानुवर्षे जे दिले ते आपण पाहिले: मिश्र कचऱ्याचे डोंगर, माशा आणि नासलेल्या विहिरी. शहर आणि खेडे यांच्यातील या विषम देवघेवीचा जो प्रश्न आहे, त्याचेच एक लहानसे, हाताळता येण्याजोगे रूप म्हणजे ओला कचरा. अन्नाच्या रूपाने शेतातून निघालेले सत्त्व खताच्या रूपाने शेतात परतले तर देवघेव काही अंशी तरी सम होईल.

काही मित्र म्हणतील, यापेक्षा घरोघरी कुंडीत खत करावे, किंवा बायोगॅस करावा. दोन्ही करावे. ज्याच्या दाराशी जागा आहे त्याने खुशाल खत करावे, कारण न हलवलेल्या कचऱ्याइतका स्वस्त कचरा नाही. बायोगॅसने इंधन मिळते आणि अति ओल्या खरकट्यासाठी तो उत्तम. पण त्याचा उरलेला रबडा पुन्हा राशीत घालून पक्व करावा लागतो, आणि पाला-काडीचे काम त्याला जमत नाही. या दोन्ही उपायांनंतर जे उरते ते गावाच्या पातळीवर थोडे नसते. त्याच्यासाठी यांत्रिक परतणी.

कार्यकर्त्यांनी आता काय करावे? आपापल्या गावच्या डेपोवर एकदा तरी जावे, तेही पावसाळ्यात. रास किती वेळा आणि कशाने परतली जाते, तिचे तापमान कोण लिहून ठेवतो, काळे पाणी कोठे जाते, हे पाहावे. ठेक्याची प्रत माहितीच्या अधिकारात मागवावी आणि मोबदला वजनावर आहे की खतावर, ते वाचावे. सफाई कामगारांची बैठक घेऊन यंत्राबद्दल त्यांचे मत विचारावे. कारण फावडे त्यांच्या हातात आहे. शेतकऱ्यांच्या दोन-चार खाचरांत एका हंगामासाठी खत घालून त्याचा अनुभव गावसभेत मांडावा. आणि नगरपरिषदेच्या सभेत छप्पर, टाके, यंत्र, तपासणी आणि कामगारांची सुरक्षितता या पाचांसाठी एकत्रित तरतूद मागावी. यांतील एक गाळले तर बाकीच्या चारांवरचा खर्च वाया जातो.

हा प्रश्न निवडणुकीच्या व्यासपीठावर टाळ्या मिळवून देणारा नाही. पण समाजवादाची परीक्षा केवळ मोठ्या कारखान्यांच्या राष्ट्रीयीकरणात होत नाही. समाजाने टाकून दिलेले पदार्थ आणि समाजाने बाजूला सारलेली माणसे यांच्याशी आपण कसे वागतो, यातही ती होते. लोणावळ्याच्या आणि मावळातील इतर गावांच्या डेपोंवर येत्या पावसाळ्यात ढिगारे पुन्हा साठतील. ते कुजत पडू द्यावयाचे, एखाद्या गरिबाच्या फावड्याला जुंपावयाचे, की सार्वजनिक मालकीच्या यंत्राने परतून खाचरांपर्यंत पोचवावयाचे, याचा निर्णय त्याआधी घेण्यास भाग पाडणे आपल्या हाती आहे.